बिनपगारी चालणारी आगगाडी

आगगाडी म्हटली की तिच्यामागे सरकार किंवा कंपनी असते आणि तिच्यावर पगारी माणसे असतात, हे आपण गृहीतच धरतो. ड्रायव्हर, गार्ड, सांधेवाला, गँगमन, तिकीटबाबू ही सारी पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणारी माणसे. परंतु जगात अशाही काही आगगाड्या आहेत, की ज्यांचा ड्रायव्हर सोमवार ते शुक्रवार एखाद्या पेढीत हिशेब लिहितो, फायरमन शाळेत मुलांना गणित शिकवतो, आणि तिकिटे देणारी बाई इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका असते. यांपैकी कोणालाही या कामाची दमडी मिळत नाही. उलट सभासद म्हणून वर्षाची वर्गणी तेच भरतात, भाडे खर्चून कामावर तेच येतात, आणि काजळीने माखलेले कपडे घरी नेऊन धुतातही तेच. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड या मुलखांत अशा जतन केलेल्या जुन्या लोहमार्गांची संख्या आज शंभराच्या वर आहे, आणि त्यांवर राबणारे स्वयंसेवक वीस हजारांच्या वर आहेत.

आपल्याकडे याला घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणे म्हणतात. ही म्हण जवाहरनगरात मात्र जरा जपून वापरावी लागते. कारण लष्कराच्या भाकरी भाजूनच येथील घरे चालतात! असो.

ट्रेड युनियनच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाने अशा विषयावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. बिनपगारी काम हा शब्द कानावर पडला की आमच्यासारख्याचे कान टवकारतात. या देशात बिनपगारी कामाला फार जुने आणि फार वाईट नाव आहे: वेठबिगार. घटनेच्या २३ व्या कलमाने तिला बंदी केली, ती काही उगीच नव्हे. तेव्हा स्वयंसेवकांची आगगाडी पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की या हौसेपायी कोणाच्या तोंडचा घास तर जात नाही ना? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ही गोष्ट सुरू कशी झाली, ते आधी पाहिले पाहिजे.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ टॅलिलिन नावाचा एक छोटा लोहमार्ग आहे. (वेल्श माणूस हा उच्चार निराळाच करतो, तो आमच्या जिभेला झेपत नाही.) डोंगरात पाटीच्या दगडाची खाण होती. हा दगड पातळ पातळ फोडून त्याची छपरे शाकारीत. तो दगड खाली आणण्यासाठी १८६५ साली हा मार्ग बांधला गेला आणि पुढल्याच वर्षी त्यावर उतारूंचीही ने-आण सुरू झाली. लांबी सुमारे ११ किलोमीटर, दोन रुळांमधले अंतर अवघे सव्वादोन फूट. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे चित्र परके वाटू नये. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज आहे, आणि ते वाहून नेण्यासाठी तुमसर रोडहून तिरोडीला रूळ गेलेले आहेत. खाण आधी आणि गाडी मागाहून, हा क्रम तेथेही आणि येथेही.

बांधताना एक गंमत झाली. मार्गावरचे पूल इतके अरुंद बांधले गेले, की डबा आणि पुलाची भिंत यांमध्ये पुरेशी जागाच राहिना. सरकारी तपासनीस आला आणि त्याने मार्ग उतारूंना खुला करण्यास हरकत घेतली. पूल पाडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. तेव्हा पुलाखालचे रूळ एका अंगाला सरकवले आणि डब्यांना एकाच बाजूला दारे ठेवली. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तेथल्या गाडीला आजही एकाच बाजूने चढावे व उतरावे लागते. तपासनीस आपल्या शब्दाला जागला म्हणून एकाही उतारूला डोके बाहेर काढून भिंतीवर आपटून घ्यावे लागले नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. कारखान्यात सुरक्षेचा नियम दाखवला की काही साहेब लोकांना तो कामात अडथळा वाटतो, म्हणून.

१९११ साली खाण आणि गाडी दोन्ही हेडन जोन्स नावाच्या गृहस्थांनी घेतली. ते पार्लमेंटचे सभासद होते आणि पुढे त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४६ च्या अखेरीस खाण ढासळली आणि बंद पडली. गाडीला माल उरला नाही. तरीही, आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल, असा त्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी पाळला. उन्हाळ्यात आठवड्यातले काही दिवस एकच मोडके इंजिन मोजके डबे ओढीत राहिले. स्लीपर कुजले होते. रूळ जागेवर होते ते भोवती वाढलेल्या गवताच्या मुळांमुळे, असे पाहणारे सांगत. १९४८ साली ब्रिटनच्या सरकारने सारे लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे केले. पण हा मार्ग इतका किरकोळ, की यादीत त्याचे नावच आले नाही. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. आता मार्ग भंगारात जाणार, हे उघड होते.

एल. टी. सी. रोल्ट हे शिक्षणाने इंजिनियर आणि पेशाने लेखक होते. इंग्लंडमधील जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत ते पुढे होते. ११ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. त्या सभेला मार्गाचे जुने व्यवस्थापक एडवर्ड थॉमस हजर होते, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. हौशी मंडळींना काय हवे ते कळत होते. काय शक्य आहे, ते या म्हाताऱ्याला ठाऊक होते. मंडळ स्थापन झाले, सर हेडन यांच्या पत्नीने मार्ग त्या मंडळाच्या हवाली करण्यास मान्यता दिली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. सुरुवातीला ती थोड्या अंतरापुरतीच गेली. ओढायला १८६६ सालचे ‘डॉलगॉक’ हे एकच इंजिन धड होते, म्हणजे त्याचे वय ८५! त्याच वर्षी शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस मार्गाची दोन इंजिने मंडळाने दर नगास २५ पौंड देऊन विकत आणली. योगायोगाने त्यांचे गेज तेच होते. एकाला नाव दिले ‘सर हेडन’, दुसऱ्याला ‘एडवर्ड थॉमस’. मालकाच्या नावाचे इंजिन पुष्कळ ठिकाणी सापडेल. त्याच्या शेजारी नोकराच्या नावाचेही इंजिन उभे, असे आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळले.

जगात स्वयंसेवकांनी चालवलेला हा पहिला लोहमार्ग. लहान मुलांच्या ‘थॉमस’ या निळ्या इंजिनाच्या गोष्टी आता आपल्याकडच्या घरांतही पोचल्या आहेत. त्यांचे कर्ते पाद्री ऑड्री हे सुरुवातीच्या वर्षांत याच मार्गावर हौशी गार्ड म्हणून काम करीत. पुढे १९६० साली ब्लूबेल हा मोठ्या गेजचा मार्ग याच रीतीने सुरू झाला. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधील शेकडो फाटे आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याचे ठरले, तेव्हा ठिकठिकाणची मंडळी पुढे आली. १९६८ साली तेथल्या सरकारी रेल्वेवरून वाफेची इंजिने हद्दपार झाली आणि वेल्समधील बॅरी येथे एका भंगारवाल्याच्या आवारात शेकडो इंजिने येऊन पडली. त्याच्या कामगारांना तोडण्यासाठी जुन्या वाघिणी पुरेशा मिळत होत्या, म्हणून त्याने इंजिने मागे ठेवली. वाघिणींवर हातोडे चालत राहिले आणि इंजिने गंजत उभी राहिली. हौशी मंडळे वर्गणी गोळा करून एकेक इंजिन सोडवून नेऊ लागली. अशी २१३ इंजिने त्या आवारातून सुटली. भंगारवाल्याच्या सवडीवर एवढा वारसा टिकावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

आता कोणी विचारील, की एवढा खटाटोप वाफेच्या इंजिनासाठीच का? डिझेलचे इंजिन जुने झाले तर त्यासाठी इतकी माणसे का धावत नाहीत? काही थोडी धावतात. पण वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे, आणि ती समजायला त्याच्या पोटात शिरावे लागते.

इंजिनाच्या मागच्या टोकाला भट्टी असते. तिच्यातला जाळ आणि तप्त हवा लोखंडी नळ्यांच्या जुडग्यातून पुढे जाते. या नळ्या पाण्यात बुडालेल्या असतात. त्या पाण्याने भरलेल्या पिंपाला बॉयलर म्हणायचे. पाण्याची वाफ वर साठते आणि दाबाखाली सिलिंडरात जाऊन दट्ट्या मागे-पुढे ढकलते. दट्ट्याची ही ये-जा दांड्यांच्या द्वारे चाकांपर्यंत जाऊन फिरण्यात बदलते. येथपर्यंत शाळेच्या पुस्तकात असते. खरी खुबी पुढे आहे. काम झालेली वाफ सरळ हवेत न सोडता धुराड्याच्या बुडाशी असलेल्या तोंडातून वर फेकतात. ती जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते आणि त्यामुळे भट्टीत ताजी हवा जोराने शिरते. म्हणजे इंजिन जितके जोरात ओढील, तितकी भट्टी आपोआप जास्त पेटेल. कानाला जो ‘छुक छुक’ आवाज येतो तो हाच. १८२९ सालच्या ‘रॉकेट’ इंजिनात नळ्यांचे जुडगे आणि हा फुंकर मारण्याचा उपाय एकत्र आले, आणि वाफेची इंजिने संपेपर्यंत हा पाया बदलला नाही.

भट्टीच्या माथ्यावर सदैव पाणी असले पाहिजे. ते उतरले, माथा उघडा पडला, की पत्रा लाल होऊन मऊ होतो, आणि मग फुटतो तो साधा फुटत नाही. म्हणून फायरमनच्या डोळ्यासमोर काचेची नळी असते; तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. माथ्यात शिसे भरलेला एक बूच असतो. पाणी उतरलेच तर शिसे वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि सावध करते. दाब प्रमाणाबाहेर गेला तर सुरक्षा झडप उघडते. जवाहरनगरच्या वाचकाला दाब आणि उष्णता यांची गोष्ट लांबवून सांगण्याची गरज नाही.

हे इंजिन सकाळी चालवायचे तर मध्यरात्रीनंतर केव्हातरी कोणीतरी जाळ घालावा लागतो. थंड बॉयलर घाईने तापवला तर सांधे ढिले होतात. दुपारी गाडी परत आली की राख काढा, धुराडे साफ करा, तेल द्या. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आतला गाळ धुवा. ब्रिटनमधल्या या मार्गांवर साधारण दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, नळ्या काढून, पुरता तपासावा लागतो. सारांश, एक इंजिन एक दिवस चालायला चारपाच माणसांची पाठ मोडते. डिझेलला एवढी माणसे लागत नाहीत. म्हणून तर रेल्वेने डिझेल आणले. पण जेथे माणसांना काम करण्याचीच हौस आहे, तेथे ज्या यंत्राला पुष्कळ हात लागतात, तेच यंत्र सोयीचे ठरते. नवा स्वयंसेवक येतो तो आधी इंजिन पुसतो. दोनचार वर्षे पुसल्यावर फावडे हातात मिळते. पुढे कित्येक वर्षांनी, परीक्षा देऊन, तो ड्रायव्हर होतो. आपल्याकडच्या जुन्या शेडमधली शिडी हीच होती: क्लीनर, फायरमन, शंटर, ड्रायव्हर. फरक इतकाच, की आपला क्लीनर पोटासाठी ती चढत असे.

हा फरक लहान नाही. वाफेच्या इंजिनावरच्या आयुष्याला आज जी सोनेरी झळाळी चढवली जाते, ती पाहून आम्हांला कधी कधी हसू येते. नागपूरच्या मे महिन्यात, समोर भट्टी आणि पाठीवर ऊन घेऊन, टनावारी कोळसा ढकलणाऱ्याला तो ‘वारसा’ वाटत नव्हता. बंगाल नागपूर रेल्वेच्या खरगपूर कारखान्यात १९२७ साली संप झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर १९३० साली झाला. आणि मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपामागच्या गाऱ्हाण्यांत इंजिनावरच्या माणसांचे न संपणारे कामाचे तास हे एक होते. या गोष्टी संग्रहालयाच्या पाट्यांवर क्वचितच लिहिल्या जातात. इंजिनाचे वजन लिहितात, चाकांचा व्यास लिहितात, फायरमन किती तास उभा असे ते लिहीत नाहीत.

येथे आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. टॅलिलिनची ती पहिली गाडी निघाली तो १४ मे १९५१ हा सोमवार होता, आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस होता. हे स्वयंसेवक आले कोठून? ते सुट्टीतून आले. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला, आणि त्यामागे तेथल्या युनियनांची कित्येक वर्षांची झुंज होती. शनिवार-रविवार मोकळा असलेला, वर्षात दोन आठवडे पगारी रजा असलेला कारकून किंवा फिटर जर तेथे नसता, तर रोल्ट साहेबांनी शंभर सभा घेतल्या तरी रुळांवरचे गवत उपटायला कोणी मिळाले नसते. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्याला सुट्टी नाही त्याचे बिनपगारी काम ही वेठ. ज्याला सुट्टी आहे, पगार आहे, आणि नको म्हणण्याची मुभा आहे, त्याचे बिनपगारी काम ही हौस. दोन्हींत घाम सारखाच गळतो, म्हणून दोन्ही एकच असे मानणे बरोबर नाही.

विदर्भाला ही हौस अपरिचितही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव श्रमदानाचे वळण लावले. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत भर उन्हाळ्यात शहरातली मुले कुदळ-फावडे घेऊन उतरतात. तेव्हा माणसे मिळणार नाहीत, असे आम्हांला वाटत नाही. प्रश्न रुळांचा आहे.

रूळ आपल्याकडे होते, आणि पुष्कळ होते. ज्याला आपण छोटी लाईन म्हणतो ती अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची. मोठी लाईन १,६७६ मिलिमीटरची. छोट्या गेजला वळण आखूड चालते, पूल हलका चालतो, बोगदा लहान चालतो. म्हणून डोंगरात आणि दरिद्री मुलखात ती परवडते. बार्शी लाईट रेल्वे बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार न येऊ देता, हलक्या रुळांवरही चांगली गाडी चालवता येते. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी, मोठ्या दुष्काळांच्या पाठोपाठ, सातपुड्यात हेच गेज नेले: गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूर, नैनपूरहून छिंदवाडा, नागपूरहून छिंदवाडा, नागपूरहून उमरेड-भिवापूरवरून नागभीड. सारे मिळून हजार किलोमीटरांच्या घरातले जाळे. त्यातला एकेक धागा मोठ्या गेजसाठी उखडला गेला. नागपूर-छिंदवाडा आणि जबलपूरकडचा भाग २०१५ मध्ये बंद झाला; नागपूर-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटची धावली.

वऱ्हाडातली ‘शकुंतला’ तर टॅलिलिनची सख्खी बहीण शोभावी. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूरहून अचलपूर ७७ किलोमीटर. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेने मँचेस्टरला नेण्यासाठी तो बांधला गेला. आणि मँचेस्टरहूनच १९२१ सालच्या बांधणीचे इंजिन आले, ते एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढीत होते. कापूस तिकडे आणि इंजिन इकडे, हा व्यापार कोणाच्या फायद्याचा होता ते सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर सारे लोहमार्ग सरकारी झाले, पण हा मार्ग खाजगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. सरकारी रेल्वे गाडी चालवी आणि कंपनीला मोबदला देई. वेल्समधला मार्ग यादीतून गळला, तसाच वऱ्हाडातला. पुढे मात्र दोघींचे दैव वेगळे झाले. तिकडे म्हातारा मालक पदरमोड करून गाडी चालवीत होता. इकडे मालक दूर, चालवणारा परका, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा वाद. रूळ खराब होत गेले, वेग कमी होत गेला. मोजके कर्मचारी तिकिटे देण्यापासून इंजिन जोडण्यापर्यंत सारी कामे करून ती रेटीत होते. अखेर आधी यवतमाळकडची आणि मागाहून अचलपूरकडची गाडी थांबली.

मग तेथे एखादा रोल्ट का निघाला नाही? याला उत्तर आहे, आणि ते वऱ्हाडच्या माणसाला कमीपणा आणणारे नाही. टॅलिलिनला १९५० साली उतारूंची फारशी गरज उरली नव्हती. जवळून मोटारी धावत होत्या. शकुंतलेतून जाणारा शेतमजूर हौसेने जात नव्हता. एस.टी.च्या तुलनेत तिकीट फारच स्वस्त, म्हणून जात होता. त्याला मोठ्या गेजची, वेगाची, रोजची गाडी हवी होती, आणि त्यासाठीच तेथे आंदोलने झाली. ही मागणी आम्हांला सर्वस्वी न्याय्य वाटते. ज्या मार्गावर लोकांची रोजची ने-आण होते, तो वारसा म्हणून जपा असे सांगणाऱ्याने आधी स्वतः त्या गाडीने महिनाभर प्रवास करावा. छोटी लाईन काढून मोठी टाकली, याबद्दल आमच्या मनात खंत आहे, तक्रार नाही.

परंतु मोठी लाईन टाकताना वळणे सरळ होतात, काही पूल आणि काही तुकडे बाजूला राहतात. ज्या तुकड्याची कोणालाच गरज नाही असा चारपाच किलोमीटरांचा मार्ग, एखादे जुने स्थानक आणि पाण्याची टाकी, एवढ्यावर हौसेची आगगाडी चालू शकते. ब्रिटनमध्ये कित्येक मार्ग अशाच तुटक्या तुकड्यांवरून सुरू झाले. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०७ साली सुरू केली. ती आजही सरकारी रेल्वे पगारी माणसांकडून चालवते, आणि सहलीला येणाऱ्यांवर चालवते. दरडींनी आणि अपघातांनी ती वर्षानुवर्षे बंद राहिली आणि पुन्हा सुरू झाली. म्हणजे गिऱ्हाईक आहे. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ इंजिन १९९७ साली पुन्हा गाडी ओढू लागले. म्हणजे कसबही आहे.

असे काही विदर्भात कोणी काढलेच, तर युनियनवाले म्हणून आमच्या अटी आम्ही आताच सांगून ठेवतो. जेथे आज पगारी माणूस आहे तेथे स्वयंसेवक उभा करायचा नाही. बंद पडलेल्या मार्गापुरतेच हे काम. बॉयलर, ब्रेक आणि रूळ यांची जबाबदारी शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या आणि पगार घेणाऱ्या माणसाकडे राहील. ब्रिटनमधल्या मार्गांवरही स्वयंसेवकांबरोबर काही हजार पगारी कामगार आहेत, हे येथे कोणी विसरू नये. तेथे हौस आहे, पण सारेच हौसेवर सोडलेले नाही. स्वयंसेवकाचा विमा उतरवला पाहिजे. बोट चेंगरले तर ते हौशी बोट म्हणून कमी दुखत नाही. आणि आठ तासांनंतर फावडे खाली. हौशी माणूस स्वतःला पगारी माणसापेक्षा जास्त राबवून घेतो, हे आम्ही गणेशोत्सवाच्या मांडवात दरवर्षी पाहतो.

रूळ मिळायचे तेव्हा मिळोत. दरम्यान, नागपूरला मोतीबागेत डिसेंबर २००२ पासून छोट्या लाईनचे संग्रहालय आहे. येथून एका दिवसात जाऊन येता येते. इंजिने तेथे उभी आहेत. मुले त्यांवर चढून छायाचित्रे काढतात. पण थंड इंजिन पाहून वाफेचे काम कळत नाही. धुराड्यातून दाट काळा धूर येत असेल तर कोळसा जास्त पडला आहे. धूर मुळीच दिसत नसेल तर जाळाला कोठेतरी भगदाड पडून थंड हवा शिरते आहे. हलका राखाडी धूर म्हणजे जाळ बरोबर. चढ येण्याआधी किती अंतरावर फावडी मारायला लागायचे, उमरेडच्या अंगाचे पाणी बॉयलरला कसे आणि भिवापूरचे कसे, शिटी कोठे दोनदा द्यायची आणि का, हे कोणत्याही पाटीवर नाही. हे ज्यांना ठाऊक आहे असे फायरमन, ड्रायव्हर, बॉयलरवाले, गँगमन नागपूर, गोंदिया, नैनपूर, नागभीड येथे निवृत्त होऊन राहिले आहेत आणि बहुतेकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. काहींची मुले-नातवंडे आमच्या जवाहरनगरात कामाला आहेत.

अशा माणसांना भेटून त्यांचे काम त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्यासाठी रविवारी मोकळे असणारे पाचसहा जण हवे आहेत. त्यांत निदान एक फिटर आणि एक बॉयलरवर काम केलेला असावा, म्हणजे प्रश्न नीट विचारले जातील. ज्यांच्या घरी किंवा नात्यात छोट्या लाईनवर काम केलेले कोणी असेल, त्यांनी नाव, गाव आणि कोणत्या शेडला होते एवढे व्याख्यानमालेच्या चालकांकडे लिहून द्यावे.